तीन फुटी टँक, दोन ऑसेलारिस: पहिला ॲनिमोन कोणता घ्यावा?

मांजराकाठ, लातूर | ९ एप्रिल

नमस्कार मंडळी. सहा महिन्यांपासून इथलं नुसतं वाचते आहे, लिहायची ही पहिलीच वेळ.

दसऱ्याला आमच्या घरी समुद्री माशांचा टँक भरला. तीन बाय दीड बाय दीड फूट, खाली छोटा सम्प, म्हणजे पाणी गाळायची टाकी. दगड-वाळूची जागा सोडली तर १८० लिटरच्या आसपास पाणी. दगड सगळा कोरडा घेतला होता, त्यामुळं आधी तपकिरी थर, मग केसाळ शेवाळ, असं सगळं भोगून झालं. आता कुठं कोरलाइन शेवाळाचे जांभळट ठिपके दिसायला लागलेत. दोन ऑसेलारिस, म्हणजे क्लाउन मासे आहेत, हॅचरीत (माशांच्या पैदास केंद्रात) जन्मलेले. दोन क्लीनर कोळंब्या आणि थोड्या गोगलगायी. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, मोजमाप वहीत लिहिल्याशिवाय झोप येत नाही. सॅलिनिटी, म्हणजे खारटपणा, १.०२५, अल्कलिनिटी ८.४, नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०५. तापमान थंडीत २६ वर होतं, आता दुपारी २८.५ पर्यंत चढतंय. दिवा दीडशे वॅटचा एलईडी.

मुलगा आठ वर्षांचा आहे. संध्याकाळी टँकसमोर स्टूल ओढून बसतो आणि विचारतो, "आई, यांचं घर कधी आणायचं?" चित्रांत क्लाउन नेहमी समुद्रफुलातच बसलेला पाहिलाय त्यानं.

पाडव्याच्या खरेदीला पुण्याला गेले होते. तिथं एका दुकानात तीन ॲनिमोन, म्हणजे समुद्रफूल म्हणतात ते डंखाचे प्राणी, होते. एक पांढराशुभ्र सेबे, टोकं जांभळी, १,८०० रुपये. एक हिरवा कार्पेट, माझ्या वितीएवढा, ४,८०० रुपये. आणि कोपऱ्यात दगडाला उलटा चिकटलेला लालसर बबल टिप, ५,५००. दुकानदार म्हणाले, नव्या माणसाला पांढरा बरा, स्वस्त आहे आणि मुलांना आवडतो. मुलाचाही जीव पांढऱ्यावरच जडलाय. त्या दिवशी मी काहीच घेतलं नाही, पण दुकानदारांचा दोनदा फोन येऊन गेला.

माझे प्रश्न: तिन्हींपैकी कोणता? माझा टँक तयार आहे का? आणि आमच्याकडं आता रात्रीची वीज जायला लागली आहे, मागच्या आठवड्यात सलग चार तास नव्हती. त्याचं काय करता तुम्ही लोक?

अजून एक मनातलं लिहिते. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली होती. माझं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. टँकरपुढं घागरी घेऊन उभी राहिलेय मी. आज या टँकसाठी एक बादली आरओचं पाणी काढताना तीन बादल्या मोरीत जातात ते बघवत नाही. सासूबाई काही बोलत नाहीत, पण बघतात. हा छंद इथं करावा की नाही, असंही कधी कधी वाटतं.

---

खामकाठ, छत्रपती संभाजीनगर | ९ एप्रिल

ताई, पांढरा घेऊ नका. मुलाला वाईट वाटेल, तरी नका घेऊ.

समुद्रात हा सेबे पांढरा नसतो. त्याच्या अंगात झूझँथेली नावाचं अतिसूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न बनवतं आणि त्यातला मोठा वाटा ॲनिमोनला मिळतो. शैवालाचा रंग तपकिरी, म्हणून धडधाकट सेबे मातकट तपकिरी किंवा हिरवट दिसतो. पकडताना, पिशवीत, अंधारात, गरम पाण्यात त्याचे हाल झाले की ते शैवाल अंगातून निघून जातं आणि मागं उरतो तो पांढरा. दुकानात देखणा दिसतो, पण तो उपाशी असतो. पिवळाजर्द किंवा निळाभोर दिसला तर तो बहुतेक रंगात बुडवून काढलेला असतो, तो याहून वाईट.

मी असाच एक आणला होता. मनात आलं, आपण खाऊ घालून वाचवू. रोज कोळंबीचा कण देत होतो. पहिला आठवडा घ्यायचा, मग तोंडातून परत बाहेर टाकायला लागला. बशीएवढा होता तो तीन महिन्यांत रुपयाएवढा झाला आणि एके सकाळी दगडामागं चिकट गोळा सापडला. जाणत्या हातात पांढरा ॲनिमोन पुन्हा रंगावर येतो, येत नाही असं नाही. पण पहिलाच ॲनिमोन आजारी आणू नये.

कार्पेटचंही सांगतो. आज वीतभर आहे, पण ती जात सहज दीड-दोन फूट पसरते, आणि तुमचा टँक रुंदीला दीड फूट. शिवाय त्याच्या अंगावरून गेलेला मासा हमखास परत येतो असं नाही.

आणि दुकानदार कदाचित म्हणतील, ॲनिमोन नको तर हॅमर किंवा टॉर्च कोरल घ्या, क्लाउन त्यातही बसतो. ती दगडी प्रवाळं आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दगडी प्रवाळं येतात. त्या वाटेला जाऊ नका.

---

गोदाकाठ, नांदेड | १० एप्रिल

मांजराकाठ ताई, तुमची वही वाचून फार बरं वाटलं. एवढं मोजून लिहिणारं माणूस कमी भेटतं.

खामकाठ दादांनी पांढऱ्याचं आणि कार्पेटचं बरोबर सांगितलं. राहिला लाल बबल टिप. घ्यायचा तर तोच घ्या, पण तो पुण्याच्या दुकानातला घेऊ नका, आणि आत्ता एप्रिलात तर घेऊच नका. असं का म्हणतो ते जरा लांबण लावून सांगतो, कारण माझा पहिला बबल टिप माझ्या हातानं गेलाय.

माझं नांदेडला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्यांचे पंप, सबमर्सिबल, यात तीस वर्षं गेली. समुद्री टँक अकरा वर्षांचा आहे. सहा वर्षांपूर्वी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी मुंबईहून बबल टिप मागवला, चांगला तांबूस, बोंडं, म्हणजे शुंडकांची फुगीर टोकं, टपोरी. आठ दिवस एका फटीत छान बसला. मग हिंगोलीला भाचीचं लग्न होतं म्हणून आम्ही सगळे दोन दिवस गेलो. त्या रात्री वादळ आलं आणि पाच तास वीज नव्हती. घरात इन्व्हर्टर होता, पण त्यावर पंखे आणि दिवे होते, टँक नव्हता. पाणी थांबलं, तापलं, त्यातला प्राणवायू कमी झाला. असं झालं की ॲनिमोन बसली जागा सोडतो. त्यानं पाय सोडला आणि फिरत फिरत वेव्हमेकरच्या, म्हणजे टँकमधलं पाणी ढवळणाऱ्या पंपाच्या, जाळीवर जाऊन बसला. मोटर बंद होती, त्याला काय कळणार. पहाटे वीज आली आणि वेव्हमेकर सुरू झाला.

आम्ही दुपारी आलो तर टँक दुधासारखा पांढरा होता. दार उघडल्या उघडल्या वास आला. दोन्ही क्लार्की (क्लाउनचीच एक जात) गेल्या होत्या, कोळंब्या गेल्या होत्या, एक यलोटेल डॅमसेल तेवढा वर तोंड काढून होता. घरातली आणि मी लग्नाच्या कपड्यांवरच बादल्यांनी पाणी काढत बसलो. फाटलेला ॲनिमोन सगळ्या पाण्याला नासवतो, त्याच्या अंगात नुसते डंखाचे कोश असतात. आयुष्यभर लोकांच्या दहा एचपीच्या मोटारी मी नीट करून दिल्या, आणि घरातल्या दहा वॅटच्या मोटारीकडं माझं लक्ष नव्हतं. ते दुःख अजून जात नाही.

तर तुमच्या विजेच्या प्रश्नाचं उत्तर मी सगळ्यात आधी देतो. ॲनिमोनच्या आधी इन्व्हर्टर. साइन वेव्ह घ्या. जुन्या स्क्वेअर वेव्हवर हे पंप घुमतात आणि तापतात. त्यावर फक्त रिटर्न पंप (सम्पमधलं पाणी वर टँकमध्ये आणणारा) आणि एक वेव्हमेकर ठेवा, दिवा नको. दोन्ही मिळून ३५ वॅटच्या आसपास जातात. १५० एएचची एक ट्युब्युलर बॅटरी म्हणजे १२ व्होल्टनं १,८०० वॅट-तास. तूट धरली तरी अख्खी रात्र आणि दुसरा दिवस निघतो. आणि वेव्हमेकरला बाहेरून बारीक जाळीचं किंवा स्पंजचं कव्हर बसवा. स्पंज दर रविवारी धुवायचा, नाहीतर तो तुंबतो आणि मोटर जळते. एवढं झाल्याशिवाय ॲनिमोनचं नाव काढू नका.

आता उन्हाळ्याचं. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो. तुमचं पाणी आत्ताच २८.५ आहे, मेमध्ये ३१ होईल. ॲनिमोनला २५ ते २७ मानवतं. मुंबईवाले तुम्हाला चिलर घ्या म्हणतील, त्यांच्या दमट हवेत दुसरा उपाय नाही. आपली हवा कोरडी आहे, हा आपला फायदा. सम्पवर दोन छोटे पंखे पाण्यावर तिरके लावा. पाणी उडतं आणि उडताना टँक गार करतं. माझ्याकडं तीन-साडेतीन अंशांचा फरक पडतो. पण रोज सहा-सात लिटर पाणी उडून जातं आणि मीठ मागंच राहतं, म्हणून भर घालायची ती गोड्या आरओच्या पाण्याची, खाऱ्याची नाही. एक गोष्ट मला दोन उन्हाळे कळली नव्हती. त्याच खोलीत डेझर्ट कूलर लावला की हवा दमट होते आणि टँकवरच्या पंख्याचा जोर उतरतो. कूलर दुसऱ्या खोलीत न्या.

म्हणून म्हणतो, हा उन्हाळा तुमच्या टँकला एकट्याला काढू द्या. तुमच्या वहीत मे-जूनचे आकडे येऊ द्या. दसऱ्याला टँक वर्षाचा होईल. सहा महिन्यांच्या टँकमध्येही लोक ॲनिमोन ठेवतात, पण कोरड्या दगडाचा टँक उशिरा स्थिरावतो. पाऊस सरला, वीज जरा ठिकाणावर आली, पाणी २६ वर आलं, की मग आणा.

आता कुठून आणायचा. दुकानातला बबल टिप कुठल्या तरी बेटाजवळ दगडाच्या फटीतून उचकटलेला असतो. त्याचा पाय फटीत खोल असतो आणि काढताना फाटतो. मग पिशवी, मग दुसऱ्या गावचं पाणी, पुन्हा पिशवी. तुमच्या घरी येईपर्यंत त्यानं चार पाणी पाहिलेली असतात. माझ्याकडं आज पाच बबल टिप आहेत आणि ते पाचही एकाच जिवाचे भाग आहेत. बबल टिप स्वतःहून दुभंगतो. मी एकदा रात्री जागून पाहिलंय. पाय दोन दिशांना ताणत गेला, मध्ये चिंधीसारखा बारीक झाला, तोंडसुद्धा अर्धं अर्धं झालं. सकाळी दोघं एकमेकांपासून चार बोटांवर बसले होते, दोघांना अर्धं तोंड. आठ-दहा दिवसांत दोन्ही तोंडं गोल झाली. असा टँकमध्ये जन्मलेला जीव शोधा. त्यानं आपलं आरओचं पाणी, पिशवीतलं मीठ, एलईडीचा उजेड आणि बाजारातली कोळंबी, हेच जग पाहिलेलं असतं. तुमच्याकडं आणलं तर त्याला परकं काही लागत नाही.

बघताना रंगाकडं शेवटी बघा. आधी तोंड बघा, घट्ट मिटलेलं हवं. लोंबतं, उघडं, आतलं बाहेर आलेलं नको. मग पाय बघा. टॉर्च मारून काचेच्या बाजूनं, फाटलेला नको, मोकळा लोंबता नको, कुठंतरी धरून बसलेला हवा. मग प्लॅस्टिकची काडी हलकेच बोंडांना लावायला सांगा, ती चिकटली पाहिजे. आणि समोर कोळंबीचा कण टाकायला सांगा. बोंडं टपोरी आहेत की लांब झालीत, याला फार महत्त्व देऊ नका. एकाच ॲनिमोनची बोंडं कधी टपोरी, कधी लांबट, त्याचं नक्की कारण कुणाला सांगता आलेलं नाही. पुण्याचा तो कोपऱ्यात उलटा बसला होता म्हणजे वाईटच, असंही नाही, बबल टिपला फट आवडतेच. पण तो दुकानात येऊन किती दिवस झाले ते विचारलं होतं का? दोन आठवड्यांच्या आतला असेल तर कितीही सुंदर असो, घेऊ नये.

मुलाला मात्र एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. ऑसेलारिस समुद्रात बबल टिपमध्ये राहत नाही. त्याची घरं म्हणजे ॲनिमोनच्या तीन जाती: मॅग्निफिका, जायगँटिया आणि मर्टेन्साय. तिन्ही घरच्या टँकला अवघड. टँकमध्ये पुष्कळदा ते बबल टिप पत्करतात, पण हॅचरीतल्या माशानं जन्मात ॲनिमोन पाहिलेला नसतो. माझ्या एका जोडीनं पहिल्याच संध्याकाळी ॲनिमोनला अंग घासायला सुरुवात केली. दुसरी जोडी चौदा महिने पंपाच्या कोपऱ्यातच झोपायची, शेजारी ॲनिमोन उघडा असून.

आणि हा जीव किती जगतो ते त्याला सांगा. स्कॉटलंडात १८२८ साली जॉन डॅलियेल नावाच्या निसर्ग अभ्यासकानं किनाऱ्यावरून एक ॲनिमोन आणला आणि काचेच्या बरणीत ठेवला. तो १८८७ पर्यंत जगला. डॅलियेल १८५१ लाच गेले, त्यांच्यामागं दुसऱ्यांनी पाणी बदललं, दुसऱ्यांनी खायला घातलं. ती थंड पाण्यातली वेगळी जात, खरं आहे. पण माझ्या नातीला मी हे सांगितलं तेव्हापासून ती भरणीचं पाणी स्वतः मोजून घालते. आम्ही लग्नाला गेलो तर टँक कोण बघणार, हे आता घरात आधी ठरतं.

पाण्याचं तुम्ही लिहिलंत, ते वाचून थांबलो जरा. आमच्या बोअरचं टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, हजाराच्या पुढं आहे. ते सरळ टँकमध्ये चालत नाही, आणि आरओचं निघालेलं पाणी फेकवतही नाही. माझ्याकडं आरओची टाकाऊ नळी छतावरच्या वेगळ्या २०० लिटरच्या ड्रमला जोडलीय. तिथून संडास, फरशी, दुकानातली गाडी धुणं. झाडांना घालत नाही, क्षार साचतात. मोरीत थेंब जात नाही. सासूबाईंना तो ड्रम दाखवा. छंद सोडायचा विचार करू नका.

---

दुधनाकाठ, सेलू | ११ एप्रिल

गोदाकाठ काकांच्या पुढं मी काय सांगणार. पण मुलासाठी एक सुचवते.

माझ्या ऑसेलारिसच्या जोडीला चार वर्षांत एकदाही ॲनिमोन दिला नाही. कुंभाराकडून मातीची साधी कुंडी आणली, बिनारंगाची, बिनचकाकीची. आठवडाभर आरओच्या पाण्यात भिजत ठेवली, रोज पाणी बदललं, मग आडवी करून टँकमध्ये ठेवली. आता तीच त्यांचं घर आहे. मादी दर दोन आठवड्यांनी आतल्या बाजूला केशरी अंडी घालते. नर दिवसभर परांनी वारा घालतो, खराब झालेलं अंडं तोंडानं काढून टाकतो. आठव्या दिवशी अंड्यांत चंदेरी डोळे दिसतात आणि त्या रात्री दिवा गेल्यावर पिल्लं फुटतात. पिल्लं मला अजून जगवता आलेली नाहीत, रोटिफरचं, म्हणजे पिल्लांच्या अतिसूक्ष्म खाद्याचं, काम जमत नाही. हॅचरीवालेसुद्धा जोड्यांना कुंडी नाहीतर फरशीचा तुकडाच देतात.

क्लाउन सगळे नर म्हणून जन्मतात आणि जोडीतला दांडगा मादी होतो, हे सांगितल्यावर माझ्या भाच्याला ॲनिमोनचा विसरच पडला होता. दसऱ्यापर्यंत तुमच्या मुलाला बघायला एवढं पुरेल.

---

मांजराकाठ, लातूर | १३ एप्रिल

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं उत्तर मी सासूबाईंना वाचून दाखवलं. लग्नातून आल्यावरचं वाचताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ड्रमचं त्यांनी लगेच मनावर घेतलं, प्लंबरला त्यांनीच फोन केला.

दुकानदारांना नाही म्हणून कळवलं. विचारलं तेव्हा म्हणाले, लाल बबल टिप तुम्ही पाहिलात त्याच्या पाच दिवस आधीच आला होता. मुलगा दोन तास रुसला. मग दुधनाकाठ ताईंचं कुंडीचं सांगितलं तेव्हा म्हणाला, "पण मग फूल कधी?" मी दसरा सांगितलाय. कॅलेंडरवर गोल करून ठेवलाय त्यानं.

सम्पवर एक पंखा लावून पाहिला. कालच्या दिवसात २८.६ वरून २६.९. पाणी साडेतीन लिटर कमी झालं. वहीत नवीन रकाना आखलाय.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, समजा मधल्या काळात माशांना पांढरे ठिपके आले, तर तांब्याचं औषध टँकमध्ये घालायचं का? माझ्याकडं बाटली आहे, दुकानानं सोबत दिली होती. दुसरं, काका, तुमच्या पाचपैकी एक मला विकत द्याल का? नांदेडहून लातूरला येईपर्यंत टिकेल का तो?

---

गोदाकाठ, नांदेड | १४ एप्रिल

ताई, ती तांब्याची बाटली आजच टँकच्या कपाटातून काढा. मुलाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. तांब्यानं कोळंब्या, गोगलगायी, ॲनिमोन सगळे मरतात. शिवाय ते दगडात आणि वाळूत मुरतं, नंतर महिन्यांनीसुद्धा पाण्यात उतरतं. माशाला औषध द्यायचंच झालं तर वेगळ्या टबात, नुसता एअर पंप आणि प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा ठेवून. त्या टबातली जाळी, नळी, मग्गा काहीही मोठ्या टँकमध्ये आणायचं नाही.

ॲनिमोन विकत नाही देणार. तसाच देईन. मला पहिला मेल्यावर ज्यांनी दुसरा दिला, त्यांनीही पैसे घेतले नव्हते. फक्त तुमच्याकडं दुभंगला तर पुढच्याला द्या.

नांदेड-लातूर एसटीनं चारेक तास. तेवढं तो आरामात काढतो. आदल्या दोन दिवस त्याला खायला घालायचं नाही, नाहीतर पिशवीत ओकतो आणि पाणी नासतं. दुहेरी पिशवी, एक हिस्सा पाणी, दोन हिस्से हवा, आणि सगळं थर्माकोलच्या डब्यात. पहाटेची गाडी धरायची.

अडचण असते ती त्याला दगडावरून काढण्याची. ओढून काढायचा नाही. दुधनाकाठ ताईंच्या कुंडीवरून मला सुचलं, म्हणून आज मीही एक कुंडी फोडून तिच्या तीन खापऱ्या भिजत घातल्यात. सगळ्यात लहान बबल टिप ज्या फटीत आहे तिथं त्या लावून ठेवतो, फटीच्या बाजूला थोडी सावली करतो. पाच महिन्यांत तो आपणहून खापरीवर सरकला तर खापरीसकट देईन, पायाला हात लावायचं कामच नाही. नाही सरकला तर घाई करायची नाही, पुढच्या महिन्यात बघू.

घरी आल्यावर आधी पिशवी तरंगती ठेवून तापमान जुळवा. मग नळीला गाठ मारून थेंब थेंब तुमचं पाणी तासभर. सोडताना वेव्हमेकर बंद, दगडाच्या फटीजवळ ठेवायचा आणि हात काढून घ्यायचा. तो कुठं बसणार ते तोच ठरवतो. त्याला उचलून परत मनासारखा ठेवला की तो रोज फिरतो. बसल्यावरच पाणी सुरू करा, हलकं. दिवा पहिले काही दिवस ४० टक्क्यांवर, मग दोन-तीन आठवड्यांत वाढवत न्या. चार-पाच दिवस खायला काही नाही. मग आठवड्यातून एकदा हरभऱ्याच्या दाण्याएवढी कोळंबी, बिनमिठाची, बिनहळदीची. मोठा तुकडा दिला तर गिळतो आणि दोन दिवसांनी टाकतो.

पहिल्या आठवड्यात तो एकदा तरी लिंबाएवढा आक्रसेल, तोंडातून तपकिरी धागे टाकेल आणि तुम्ही घाबराल. तो श्वास टाकतो तसं आतलं पाणी बदलतो, ते मरण नाही. मेलेला ओळखायला वास पुरे. तोंड उघडं पडलं, अंग गळायला लागलं, उग्र वास आला, तर मात्र रात्री दोन वाजले तरी त्याच मिनिटाला बाहेर काढायचा. सकाळपर्यंत थांबायचं नाही.

---

मांजराकाठ, लातूर | १४ एप्रिल

काका, दिलेला जीव मी पुढं नक्की देईन. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. बाटली लॅबमध्ये नेऊन ठेवली.

मेच्या सुट्टीत आम्ही नांदेडला गुरुद्वाऱ्यात दर्शनाला येणार आहोत. तेव्हा मुलाला घेऊन तुमचा टँक बघायला आलो तर चालेल का? त्याला खापरी बघायची आहे.

---

गोदाकाठ, नांदेड | १५ एप्रिल

या की. सकाळी दहाच्या आत या, तेव्हा दिवे हळूहळू वर येतात आणि पाचही उघडताना दिसतात. नात घरीच असते, ती दाखवेल सगळं. जेवूनच जायचं.

येताना तुमच्या टँकचं एक लिटर पाणी स्वच्छ बाटलीत आणा आणि तुमचा खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटरही आणा. माझा आणि तुमचा एकच आकडा दाखवतात का ते आत्ताच बघून घेऊ.